थांबवायचं कोणी

रमाकांत,

तुझ्या शोकसभेत तुझ्या कंपनीचा एक साहेब उभा राहिला आणि म्हणाला, "घरतसर म्हणजे पक्का सिस्टीमचा माणूस." त्याला ते कौतुक वाटत होतं. तुझी सुनंदा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती, जासईच्या समाजमंदिरातले पंखे घरघरत होते, आणि मला वाटलं उठून ओरडावं, अहो, त्या सिस्टीमनेच खाल्लं त्याला. ओरडले नाही. शोकसभेतही बोलण्याचा क्रम ठरलेला असतो. आधी नातेवाईक, मग कंपनी, मग गावातले मोठे लोक, आणि वेळ उरला तर मित्रमंडळी. वेळ उरला नाही. म्हणून हे लिहितेय. तुझ्याशी बोलायची सवय अजून गेलेली नाही.

आपली ओळखच भांडणातून झाली. बेलापूरच्या त्या कॉलेजात शनिवार-रविवारचा मॅनेजमेंटचा कोर्स होता. मी साताऱ्याकडची, जुईनगरला भाड्याने राहणारी, बँकेतल्या नोकरीला कंटाळलेली. तू जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर, ड्यूटी संपवून धुळीच्या बुटांनी थेट वर्गात येणारा. सरांनी फळ्यावर त्रिकोण काढला. वर एक माणूस, खाली दहा, त्याखाली शंभर. हुकूम वरून खाली कसा शिस्तीत उतरतो, ते सांगत होते. तू हात वर केलास.

"सर, हुकूम खाली येतो ते समजलं. पन खबर वर कशी जाते?"

"त्याच रेषांवरून. उलट दिशेने."

"मग ती वर पोचेस्तोवर तीच खबर ऱ्हाते का? आमच्याकडं खाली बोलतात आग लागली, वर पोचतं की थोडं गरम होतंय."

वर्ग हसला. सरही हसले आणि पुढे गेले. मी मात्र चहाच्या सुट्टीत तुला गाठलं. म्हटलं, दोष त्रिकोणाचा नाही, माणसांच्या भित्रेपणाचा आहे. ज्याच्यात दम असतो तो सांगतोच. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मी परगावाहून नव्हे, परग्रहावरून आलेय. त्यानंतर कितीतरी वर्षं आपण हेच भांडत राहिलो.

तुझं मत पुस्तकातून आलेलं नव्हतं, हे मला उशिरा कळलं. तू लहान असताना तुमचं शेत सरकारने ताब्यात घ्यायचा निर्णय झाला होता. गाव जाणार, शहर येणार. तुझे बाबा कचेरीत गेले, तू त्यांचा हात धरून. तिथला अधिकारी वाईट नव्हता, हे तू दर वेळी आवर्जून सांगायचास. त्याने बाबांना खुर्ची दिली, चहा मागवला, ऐकून घेतलं. आणि शेवटी म्हणाला, काका, तुमचं सगळं पटतं, पण हे माझ्या टेबलावर ठरत नाही. बाबांनी विचारलं, मग कोणाच्या टेबलावर ठरतं? त्याला ते सांगता आलं नाही. खरंच ठाऊक नव्हतं त्याला. "चांगला मानूस होता गं वसू," तू म्हणायचास. "म्हनून तर मना तो विसरत नाय. वाईट असता तर बाबांनी शिव्या घातल्या असत्या, मोकले झाले असते."

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि तू यार्डाचा ऑपरेशन्स मॅनेजर झालास. जुईनगर स्टेशनबाहेरच्या टपरीवर आपला दुसरा वर्ग भरायचा. मी नवीन काही वाचलं की तुला सांगायचे आणि तू ते यार्डात नेऊन आपटून बघायचास. विचार करणारे वेगळे आणि हात चालवणारे वेगळे केले की काम भराभर होतं, असं सांगणारा जुना सिद्धान्त तुला अजिबात सहन व्हायचा नाही. "ज्याचा हात मशीनवर हाय त्याचंच डोकं घरी ठेवायला सांगता?" माणसांशी आपुलकीने वागा, त्यांना विचारा, मग ती मनापासून काम करतात, हे मानवी संबंधांचं प्रकरण मला फार आवडायचं. तू म्हणालास, "विचारनं वेगलं आनि अधिकार देनं वेगलं. त्या साहेबानं माझ्या बाबांना चहा पाजला होता."

एकच विचार आपल्या दोघांना एकाच वेळी पटला. माणूस काही सगळं जग समोर ठेवून निर्णय घेत नाही. त्याच्या टेबलापर्यंत जे पोचतं तेवढ्यावरच घेतो, आणि टेबलापर्यंत काय पोचायचं ते रचना ठरवते. तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "हे बरोबर बोल्ला कोन तरी," म्हणालास. आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलास.

तुझा तो नियम किती साधा होता. यार्डात कंटेनर उचलून एकावर एक रचणारी ती अवाढव्य मशीनं फिरत असतात. कोणालाही, अगदी झाडूवालीलाही, धोका दिसला तर तिने हात वर करायचा. ड्रायव्हरने मशीन बंद करायचं. का, कशासाठी, ते नंतर. चुकीचं थांबवलं म्हणून कोणाला बोलायचं नाही. बिलिंगच्या, कस्टमच्या कागदांच्या उतरंडीला तुझा विरोध नव्हता. तिथे तू स्वतः म्हणायचास की त्रिकोणच पाहिजे, एका सहीवर दुसरी सही पाहिजे. "सगल्या घराला एकच दरवाजा नसतो," असं म्हणायचास. मी वर्गात परिस्थितीप्रमाणे रचना बदलावी हा सिद्धान्त शिकवताना तुझंच हे वाक्य वापरत आले, तुझं नाव न घेता.

एकदा झाडूवाल्या पार्वतीबाईंनी मशीन थांबवलं, कारण चाकापुढे कुत्री पिल्लं घेऊन झोपली होती. मालक भडकला. ट्रेलरची रांग गेटबाहेर गेली होती. तू त्याच्यापुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "शेट, आज ती कुत्रीसाठी थांबवते म्हनून उद्या मानसासाठी थांबवंल. आज तिला बोलाल तर उद्या ती बघून न बघितल्यासारखं करंल." मालक जुन्या वळणाचा होता, यार्डातच बसायचा, त्याच्या खिडकीतून ती कुत्री दिसत होती. तो बडबडला आणि आत जाऊन बसला. तू मला ही गोष्ट सांगितलीस तेव्हा मी जिंकल्यासारखी म्हणाले, "बघ, शेवटी माणूसच उभा राहिला ना!" तू म्हणालास, "मानूस नाय. खिडकी."

तुझे आभार मानायचे राहिलेत, ते इथे मधेच मानते, नाहीतर पुढच्यात वाहून जातील. माझे वडील गेले तेव्हा साताऱ्याला भाऊ, काका, मामा सगळे बसले होते. आईने कोणाकडे राहायचं, किती महिने, सगळं ठरत होतं. मी बाहेर येऊन तुला फोनवर ते सांगत होते, अगदी सहज. तू विचारलंस, "आईला विचारलं का कोनी?" कोणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा. मी आत स्वयंपाकघरात गेले आणि विचारलं. आई म्हणाली, "मला तुझ्याकडं यायचंय." ती आज इथे माझ्याकडे आहे. तू गेलास हे तिला कळल्यापासून ती सारखी म्हणते, तो बाळ गेला आणि मी म्हातारी राहिले. काय सांगू तिला?

मग यार्ड विकलं गेलं. नवी कंपनी मोठी, तिची अशी यार्डं ठिकठिकाणी. त्यांनी नवा तक्ता आणला. तू तो मला मोबाइलवर दाखवलास. कामासाठी तू दुसऱ्या शहरातल्या मुख्य कार्यालयाला जबाबदार, सुरक्षेसाठी महापेच्या विभागीय ऑफिसला. "दोन बायका, फजिती ऐका," म्हणालास, पण हसला नाहीस. तुझा हात वर करायचा नियम गेला. आता धोका दिसला की सुपरवायझरने फोटो काढून अ‍ॅपवर टाकायचा, सुरक्षावाल्यांनी तो बघायचा, मग मुख्य कार्यालयाने काम थांबवायचं की नाही ते कळवायचं. सगळ्या यार्डांत एकसारखेपणा पाहिजे म्हणे. मीटिंगमध्ये तू भांडलास. त्यांनी तुझं पूर्ण ऐकून घेतलं, तुझ्या अनुभवाबद्दल आदर व्यक्त केला, आणि पुढचा विषय घेतला.

मी तेव्हा तुला काय म्हणाले, आठवतं? म्हणाले, "टेन्शन नको घेऊस. तू आहेस ना तिथे. वेळ आली तर तू थांबवशीलच."

"वसू, चांगला मानूस बसवून चौकट सुधरत नाय. चौकटच मानसाला आपल्यासारखं करते. थोड्या दिवसांनी बघ, मी पन फोन हातात धरून बसेन."

मला ते तुझं नेहमीचं वाटलं.

श्रावणातली दुपार होती. पावसाची सर येऊन गेली होती आणि ऊन पडलं होतं. यार्डाचा खाडीकडचा कोपरा जुन्या भरावाचा, तो पाण्याने खचायला लागला. कंटेनरची एक थप्पी किंचित कलली. कामगारांना दिसली, त्यांनी सुपरवायझरला सांगितलं, त्याने फोटो टाकला. महापेहून उत्तर आलं, ऑपरेशन्सने निर्णय घ्यावा. म्हणजे मुख्य कार्यालयाने. तू तिथे धावत गेलास, लोकांना लांब व्हायला सांगितलंस आणि फोन लावलास. ते म्हणाले, जहाजाची वेळ आहे, काम बंद करू नका, साहेब मीटिंगमध्ये आहेत, विचारून सांगतो, होल्ड करा. तू होल्ड केलंस. मशीन चालूच होतं. काम चालू असताना लांब व्हा म्हणजे किती लांब व्हायचं? सचिन, कंटेनरवरचे नंबर तपासणारा, नुकतंच लग्न झालेला, उरलेला एक नंबर बघायला पुन्हा पुढे गेला. थप्पी खाली आली.

फोन तुझ्या कानालाच होता. पलीकडे संगीत वाजत होतं, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि पुन्हा कधी बोलला नाहीस.

चौकशी झाली. सुपरवायझरने फोटो टाकला होता, बरोबर. सुरक्षेने योग्य विभागाकडे पाठवलं होतं, बरोबर. तू वरिष्ठांना कळवलं होतंस, बरोबर. वरिष्ठ त्यांच्या वरिष्ठांची वाट बघत होते, तेही बरोबर. प्रत्येकाने आपली प्रक्रिया पाळली होती. सगळे पास झाले, रमाकांत, आणि सचिन मेला. तू चौकशीत म्हणालास, "माझं नाव लिहा. मी तिथंच उभा होतो. मना दिसत होतं." ते म्हणाले, त्याची गरज नाही, तुमच्या अधिकारात ते येत नव्हतं.

त्या आठवड्यात आपण टपरीवर भेटलो. तू चहा घेतला नाहीस. मला तुला सावरायचं होतं आणि माझ्याकडे तुझ्याच शब्दांशिवाय दुसरं काही नव्हतं. म्हणाले, "तूच सांगत आलास ना, निर्णय माणूस घेत नाही, रचना घेते. तुझ्या हातात काही ठेवलंच नव्हतं त्यांनी."

तू इतक्या मोठ्याने ओरडलास की टपरीवाल्याने मागे वळून पाहिलं. "मग मी कोन होतो तिथं? खांब? मना हात नव्हता वर करायला? ड्रायव्हर माझ्याच गावचा. माझा हात बघितला असता तर त्यानं कोनाला विचारलं नसतं!"

"पण तूच तर..."

"मी चुकलो असेन! तू बोलत होतीस ते खरं असंल. दम असता तर थांबवलं असतं."

इतकी वर्षं मी वाट बघत होते की कधीतरी तू म्हणशील, वसू, तुझं खरं. आणि ते असं आलं. मला ते परत करायचं होतं. सांगायचं होतं, नको, माझं खरं नाही, तुझंच खरं राहू दे, त्या चौकटीने आधी तुझा हात बांधला आणि मग सुटला कसा नाहीस म्हणून तुलाच विचारलं. पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा मी फक्त पाण्याचा ग्लास पुढे केला. तू उठून गेलास. ते भांडण तिथेच राहिलं. आता त्याच्या दोन्ही बाजू मलाच बोलाव्या लागतात, आणि दोन्ही बाजूंनी मीच हरते.

कंपनीने तुला काढलं नाही. तेवढं तरी त्यांना कळत होतं. महापेच्या ऑफिसात बढतीवर नेलं, 'विशेष प्रकल्प'. नव्या तक्त्यात तुझ्या नावाचा चौकोन होता, वरच्या साहेबाकडे जाणारी एक रेघ होती, आणि खाली काही नव्हतं. एकही माणूस नाही. काचेची केबिन, एसी, समोर पार्किंग. तू थांबवण्याचा अधिकार कामगारांना परत देण्याचा प्रस्ताव तयार केलास. साहेबांना आवडला. त्यांनी समितीकडे दिला. समितीलाही आवडला, तिने दुसऱ्या समितीचं मत मागवलं. कोणी नाही म्हणालं नाही. "नाय बोल्ले असते तर भांडलो असतो," एवढंच म्हणालास तू. तुझा आवाज तोवर अगदी बारीक झाला होता.

सचिनच्या आईकडे तू जायचास, हे मला सुनंदाकडून कळलं. ती म्हातारी तुला कधी एक शब्दही बोलली नाही. तुला पाट द्यायची, चहा द्यायची, म्हणायची, "तुमी तरी काय करनार, सायेब." सुनंदा म्हणाली, तिथून आले की हे जेवत नाहीत. मला कळलं का ते. आपल्या बाबांना चहा पाजणाऱ्या त्या माणसाच्या खुर्चीत आपण कधी येऊन बसलो, हे तुझं तुलाच उमगत नसणार.

टपरीवर येणं तू बंद केलंस. मी फोन केला की म्हणायचास, बरं हाय. मी नवीन काही वाचलेलं सांगितलं तर "हं" म्हणायचास. रविवारी तुमच्याकडे आले तर अंगणात बसून खाडीकडे, आता जिथे खाडी दिसत नाही, नुसते कंटेनर दिसतात, तिकडे बघत बसायचास. एकदा मी म्हटलं, "भांड ना रे माझ्याशी." तू हसलास आणि म्हणालास, "कशावर?"

त्या सकाळी सुनंदाचा फोन आला. "वसूताई, हे बूट घालाया बसलेत ते उठतच नाय." मी पोचेपर्यंत अंगण भरलं होतं. डॉक्टर म्हणाले हृदय. डॉक्टरांनाही त्यांच्या टेबलापर्यंत पोचलं तेवढंच दिसणार.

शोकसभेनंतर तो साहेब मला भेटला. तुझा प्रस्ताव अजून विचाराधीन आहे म्हणाला, अगदी मनापासून. मग म्हणाला, मॅडम, तुम्ही निर्णयप्रक्रियाच शिकवता ना? आमच्या यार्डाच्या लोकांसाठी एक ट्रेनिंग घ्या. मी सुनंदाकडे वळले. आठवड्याने कॉलेजच्या संचालकांनी बोलावून सांगितलं की होकार गेलाय. मी म्हटलं, मला जायचं नाही. ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, ट्रस्टकडून ठरलंय. माझ्या हातात असतं तर..."

मी सुनंदाकडे गेले. तिला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. निवडत निवडतच म्हणाली, "जा तुमी. नाय गेलात तर दुसरं कोन जाईल आन त्यांचंच सांगंल. तिथली पोरं तरी कोनाच्या तोंडाकडं बघनार?"

म्हणून गेले, रमाकांत. तुझ्या यार्डात, तू नसताना, पहिल्यांदाच. पत्र्याच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं बसली होती, हेल्मेट मांडीवर. पार्वतीबाई नव्हत्या, सफाईचं काम आता ठेकेदाराकडे आहे म्हणे. कंपनीने पाठवलेल्या स्लाइड मी लावल्याच नाहीत. विचारलं, "समोर थप्पी कलतेय. तुमच्या डोळ्यांना दिसतंय. काय कराल?"

"अ‍ॅपवर टाकू, मॅडम," सगळे एका सुरात म्हणाले.

"आणि मग?"

पुढच्या रांगेतला एक जण, सचिनच्याच वयाचा असेल, उभा राहिला. त्याला वाटलं मी परीक्षा घेतेय. खणखणीत आवाजात म्हणाला, "मग वरून उत्तर येईपर्यंत थांबू, मॅडम."

बरोबर की चूक, ते ऐकायला तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मागच्या खुर्चीवरून साहेबांचा आवाज आला, "व्हेरी गुड. बसा."

तो बसला.